'उरलेला माल' आणि आमच्या सोसायटीचे पावणेतीन लाख

आमची सोसायटी पुण्यातली, 48 फ्लॅटची. पार्किंगचं डांबर 17 वर्षांचं झालं होतं. मागच्या कोपऱ्यात पाणी साचायचं, आणि दुचाकींच्या रांगेखाली तेल ठिबकून डांबर इतकं सैल झालं होतं की खडी पायाने उकरली जायची. दोन रीतसर कोटेशनं आली होती, 80 आणि 86 रुपये चौरस फुटाला. सभेत ठराव व्हायचा बाकी होता. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. पुढे जे झालं त्याच्या कागदांवर सही माझी आहे, म्हणून मीच लिहितोय.

मेचा शेवटचा आठवडा. पिकअपमधून दोघे उतरले. "साहेब, मागच्या रस्त्याचं काम आमचंच चालूय. एक गाडी गरम माल शिल्लक राहतोय, प्लांटवर परत नेईपर्यंत त्याचा दगड होईल. 42 रुपयांत करून देतो, इंचभर जाडी. पण दुपारपर्यंतच सांगा." मागच्या रस्त्यावर खरंच रोलर फिरत होता. तो त्यांचा नव्हता, हे महिनाभराने कळलं. पावसाळा तोंडावर, दर निम्मा. कमिटीच्या ग्रुपवर पाऊण तासात होकार आले आणि मी सव्वा लाख आगाऊ दिले, त्यातले साठ हजार रोख.

हा 'उरलेला माल' नीट समजून घ्या. प्लांटवर हॉटमिक्स, म्हणजे डांबर आणि खडीचं गरम मिश्रण, ऑर्डरप्रमाणे वजन करून गाडीत भरतात आणि ते साधारण 140 अंशांच्या आसपास अंथरावं लागतं. एखाद्या कामावर थोडं उरतंही, पण भरलेली गरम गाडी दारोदार गिऱ्हाईक शोधत फिरत नाही. कुणी अशी गाडी घेऊन तुमच्या गेटवर आलं तर तिथूनच परत पाठवा.

काम तीन तासांत उरकलं. धूळ झाडली नाही. झारीने काहीतरी पातळ शिंपडलं, त्याला डिझेलचा वास होता. एका छोट्या टिपरमधला माल फावड्यांनी पसरला, हातरोलर फिरवला आणि वरून ब्रशने काळं द्रावण फासलं. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उचलून घ्यायची असतात, ती त्यांनी सरळ बुजवली. संध्याकाळी पार्किंग आरशासारखं चमकत होतं. तळमजल्यावरच्या काकूंनी पेढे वाटले.

आणि मग बिल आलं. 5,400 चौरस फुटांचे 2,26,800 ठरले होते, वर 'लेव्हलिंगला जादा माल लागला' म्हणून 90 हजार लावलेले. सात-आठ मजूर गेटमध्ये उभे, शाळेची बस आत येत नव्हती. शेवटी 50 हजारांवर तोडलं. एकूण 2,76,800 रुपये. त्यात निवृत्त लोकांनी महिन्याच्या महिन्याला भरलेला मेंटेनन्स आहे, हे मला आजही बोचतं.

आठवडाभराने घराघरांत फरशीवर काळे ठसे उमटायला लागले. डांबर थंड झाल्यावर चपलेला चिकटत नाही, हे चिकटत होतं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअर काकांनी बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "यात जळकं ऑइल आहे." जूनच्या दुसऱ्या पावसात पापुद्रे सुटायला लागले. मी किल्लीचं टोक कडेला घातलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा हाताएवढा तुकडा वर आला. खाली जुनी धूळ जशीच्या तशी. पट्टी लावली तर जाडी 8 ते 9 मिलिमीटर.

त्या रात्री काकांनी एक हिशेब शिकवला. तो मला मेमध्येच येत असता तर! दाबून एक इंच जाडी हवी असेल तर दर 100 चौरस फुटांना अर्ध्या टनाहून थोडा जास्त माल लागतो. आमच्या 5,400 फुटांना म्हणजे जवळपास 29 टन. त्या टिपरमध्ये दहा टनांच्या वर काही मावत नाही. लागणाऱ्या मालाच्या जेमतेम एक तृतीयांश माल माझ्या डोळ्यांदेखत ओतला गेला आणि मी रंगाकडे बघत राहिलो.

फोन बंद. लेटरहेडवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर तो भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, पैसे देण्याआधी तपासा. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. त्यात मी सवयीने 420 कलम लिहिलं होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी 318 आहे. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रारही नोंदवली. पण ज्याचा पत्ताच खोटा त्याला नोटीस कुठे पाठवणार? साठ हजारांची तर पावतीही नाही.

डिसेंबरमध्ये काम पुन्हा केलं, 86 रुपयेवाल्याकडून. खराब भाग चौकोनी कापून खालच्या खडीपर्यंत उकरला, भरून दाबला. कोपऱ्यात उतार काढला. कॉम्प्रेसरने धूळ उडवली. टॅक कोट म्हणजे नवा थर जुन्याला चिकटवणारा हात. त्याचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, मारल्यावर तपकिरी दिसतं, पाणी सुटलं की काळं पडतं. ते काळं पडेपर्यंत त्यांनी गाडी मागे घेऊ दिली नाही. काकांनी मालात थर्मामीटर खुपसला. दोन गाड्या आल्या, वजनकाट्याच्या पावत्या घेऊनच आत सोडल्या: मिळून 30 टनांच्या थोडं वर. निम्मे पैसे पहिला पाऊस बघून द्यायचे, हे करारातच लिहून घेतलं.

त्या दोन पावत्या आणि किल्लीने निघालेला तो काळा तुकडा मी एकाच पाकिटात ठेवलाय. मार्चमध्ये नव्या सेक्रेटरींना दप्तर सोपवलं, तेव्हा पाकिटाची नोंद यादीत केली.