नायकी पेगसस ४१: फोम चांगला, पण रुंदी आधी तपासा

पेगसस ही नायकीच्या धावण्याच्या बुटांची १९८३ पासूनची मालिका. २०२४ मध्ये आलेला ४१ हा रोजच्या सरावाचा बूट आहे: निवांत धावा, रविवारचा लांब पल्ला, मध्येच थोडा वेग. तळाला टोकापासून टाचेपर्यंत रिअ‍ॅक्ट-एक्स फोम, त्यात चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा हवेच्या दोन पिशव्या. टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच, त्यामुळे धावताना टाचेवर उतरणाऱ्यांना तो मानवतो. गादीसारखा मऊ बूट हवा असेल, तर हा नको. याचा पोत किंचित टणक आणि उसळता आहे, आणि रोजच्या धावेला तोच बरा.

बहुतेकांचं बिनसतं ते मापावरून. पुढचा भाग बोटांकडे निमुळता होत जातो आणि चपलेत वाढलेला पसरट चवडा असेल तर करंगळी दाबली जाते. अशा वेळी दुकानात एक नंबर मोठा काढून देतात. इथेच घोळ होतो. लांबी वाढली की बूट वाकण्याची जागा चवड्याच्या पुढे सरकते, टाच मागे सैल पडते आणि प्रत्येक पावलाला घासते. फोड येतात, अस्तरही तिथेच आधी फाटतं. रुंदीची अडचण लांबीने सुटत नाही. या बुटाची रुंद आवृत्ती निघते; ती मागवून घ्या, नाही मिळाली तर सरळ दुसरा बूट बघा.

रुंदी तपासायची सोपी रीत: इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. करंगळीकडचं मांस इनसोलच्या कडेबाहेर ओघळलं तर बूट अरुंद आहे. बुटाची खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. मोजे धावायचेच घाला. दोन्ही पायांत घालून बघा आणि मोठ्या पायाचं माप धरा; सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ऑनलाइन मागवताना आधीच्या नायकी बुटाच्या जिभेवरचं (लेसखालच्या पट्टीवरचं) लेबल वाचा: नायकीच्या पुरुषांच्या मापात यूके ८ म्हणजे यूएस ९.

दुकानात नुसतं चालू नका, पळा. जमलं तर उतारावरही. बोटं पुढे आपटत असतील तर साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या लांब उतारावर नखं काळी पडणारच. आधी लेसचं सर्वांत वरचं भोक वापरून टाच बांधून बघा. पुष्कळदा तेवढ्याने पाय मागे राहतो.

टिकाऊपणाचा ढोबळ हिशोब ५०० ते ८०० किलोमीटर. वजन जास्त असेल किंवा पाय घासत पडत असेल तर त्याहून कमी. तळाचं रबर शाबूत दिसतं म्हणून फसू नका, त्याच्या आधी फोम दबून बसतो. बूट टेबलावर ठेवून मागून, डोळ्यांच्या रेषेत पाहा: टाच एका बाजूला कललेली दिसली, किंवा फोमच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतरही तशाच राहिल्या, तर तो जोड आता फक्त चालायला.

पावसाळ्यात इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हीटरजवळ नको, उष्णतेने डिंक सुटतो. वॉशिंग मशीन तर नकोच. लेस न सोडता, एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून बूट काढायची सवय मात्र ताबडतोब सोडा. टाचेचा ताठ कप त्यानेच मोडतो.

सेल लागला म्हणून दोन जोड घेऊन एक कपाटात ठेवण्यात फायदा नाही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत न वापरलेल्या बुटाचाही डिंक आणि फोम म्हातारा होत जातो. त्यापेक्षा दोन्ही जोड आलटून पालटून वापरा. फोमला उसळी परत यायला एक दिवस मिळतो आणि ओला जोड पूर्ण वाळतो.