एमबीआर प्लांट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा आमच्या सोसायटीचा अनुभव

आमची सोसायटी बेसा भागातली. जुना एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, नावापुरताच चालायचा आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना वासामुळे खिडक्या उघडता येत नव्हत्या. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याच टाक्यांमध्ये एमबीआर, म्हणजे मेम्ब्रेन बायोरिॲक्टर, बसवून घेतला. हिवाळा झाला, नागपूरचा अख्खा उन्हाळा झाला, आता पाऊस लागलाय. कमिटीत हे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे बरेच जण विचारत असतात.

एमबीआरच का घेतला? नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातलीच, आणि त्यांचं फायटोरिड तंत्र आम्ही आधी बघितलं. झाडांच्या मुळांतून सांडपाणी साफ होतं, वीज जवळपास लागतच नाही. जागा असेल तर आजही मी तेच सुचवीन. आमच्याकडे पार्किंग सोडलं तर जागाच नाही. एमबीआरला गाळ बसवायची वेगळी टाकी लागत नाही. जिवाणूंच्या टाकीतच मेम्ब्रेनचे, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पोकळ धाग्यांचे, जुडगे बुडवलेले असतात. पंप धाग्यांच्या आतून पाणी ओढतो, गाळ आणि जिवाणू बाहेरच राहतात. मेम्ब्रेन अशी टाकीतच बुडवायची कल्पना जपानी संशोधक यामामोतो यांनी १९८९ मध्ये मांडली. गाळ वाहून जायची भीती नसल्यामुळे साध्या प्लांटमध्ये जिवाणूंचा जो गाळ लिटरला ३ ते ४ हजार मिलिग्रॅम ठेवतात, तो इथे ८ ते १२ हजारांपर्यंत ठेवता येतो. म्हणून कमी जागेत काम भागतं.

पाण्याबद्दल तक्रार नाही. ग्लासात धरलं तर नळाचं की प्लांटचं ते ओळखू येत नाही. फ्लशच्या वेगळ्या लाइनला आणि बगिच्याला तेच देतो. माणशी रोजच्या १३५ लिटरच्या हिशेबात ४५ लिटर फ्लशचेच धरतात, म्हणजे तिसरा हिस्सा पाणी इथेच वाचतं. यंदा एप्रिल-मेमध्ये टँकर बोलवावे लागले, पण आधीच्या उन्हाळ्यासारखी रांग लागली नाही. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं हे नागपूरकरांना माहीत आहे. मग आपल्या इमारतीचं पाणी नाल्यात का सोडायचं?

मे महिन्यात मात्र एकच मागणी सुरू झाली: "काकाजी, इतकं साफ पाणी आहे तर कूलरमध्ये टाकू द्या ना!" मी नाही म्हटलं आणि अजूनही नाहीच म्हणतो. मेम्ब्रेन बहुतेक जंतू अडवते, पण सगळे नाही, आणि विरघळलेले क्षार तर अडवतच नाही. आमच्या बोअरचं पाणी आधीच जड, टीडीएस जेवढा आत येतो जवळपास तेवढाच बाहेर पडतो. पॅडवर पांढरा थर बसेल ही छोटी गोष्ट झाली. कूलरच्या हवेबरोबर बारीक तुषार खोलीत येतात आणि घरातली लहान मुलं, म्हातारी माणसं तीच हवा रात्रभर घेतात. हा धोका पत्करायचा नाही.

आता त्रास कुठे झाला ते. सगळ्यात मोठा शत्रू तेल. कुणाकडे सावजी मटणाचा बेत झाला की उरलेली तर्री सिंकमध्ये जाते. तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप भरलेला असला की तेल थेट धाग्यांवर चिकटतं. पंपाजवळच्या व्हॅक्यूम गेजवर आम्ही लाल रेघ मारून ठेवलीय; अशा दिवसांनंतर काटा रेघेकडे सरकताना दिसतो, म्हणजे तेवढंच पाणी ओढायला पंपाला जास्त जोर लावावा लागतोय. मग सोडियम हायपोक्लोराइटने धुलाई करायची. क्षारांचा थर असेल तर सायट्रिक ॲसिड. हिवाळ्यातही काटा वर होता, कारण थंड पाणी घट्ट होतं आणि धाग्यांतून सावकाश जातं. नवीन माणूस तेव्हा उगाच घाबरतो.

दुसरं, हवा. ब्लोअरची हवा जिवाणूंना लागते आणि तीच धाग्यांवरचा गाळ सतत झटकत असते. मेमधल्या दुपारी ब्लोअरची खोली इतकी तापली की मोटर ट्रिप व्हायला लागली. ब्लोअर बंद आणि ओढणारा पंप सुरू, असं थोडा वेळ जरी झालं तरी गाळ धाग्यांवर थापला जातो. आमच्या ठेकेदाराने दोघांचं इंटरलॉक, म्हणजे ब्लोअर बंद पडला की पंपही आपोआप थांबेल अशी जोडणी, दिलंच नव्हतं. भांडून बसवून घेतलं, खोलीला एक्झॉस्ट लावला, ब्लोअर जनरेटरवर घेतला. तेव्हापासून प्लांट सुरळीत आहे. वीजबिल मात्र साध्या एसटीपीपेक्षा जास्तच येतं आणि त्यातला मोठा वाटा हवेचा असतो.

गाळ मुरत राहतो म्हणून कमी निघतो. जो निघतो तो वाळवून, पालापाचोळ्यासोबत नीट कुजवून जास्वंद आणि कण्हेरीला घालतो. नत्र-स्फुरद भरपूर, यंदा फुलं बघण्यासारखी आली. गच्चीवरच्या मेथी-पालकाला घालायला मी साफ मनाई केलीय, त्यात रोगजंतू राहू शकतात. हवेविना चालणारे एमबीआरही असतात, त्यातून मिथेन मिळतो, पण ते ज्यांच्या सांडपाण्यात सेंद्रिय घाण खूप जास्त असते अशा कारखान्यांना परवडतात, सोसायटीला नाही.

घेणार असाल तर करारात चार गोष्टी लिहूनच घ्या: मेम्ब्रेनच्या आधी बारीक जाळी, ब्लोअर-पंपाचं इंटरलॉक, एक जादा ब्लोअर, आणि मेम्ब्रेन बदलायचा आजचा दर. त्या बदलीसाठी आम्ही दर महिन्याच्या मेंटेनन्समधून वेगळी रक्कम बाजूला टाकायला सुरुवात केलीय. आणि ऑपरेटरचा पगार कापू नका. आमचा ऑपरेटर भाऊ रोज सकाळी फेसाचा रंग बघून सांगतो की काल कुणीतरी फिनाइल जास्त ओतलंय.