साडेचार हजार वाचवायला गेलो आणि इंजिन बसलं : डुप्लिकेट ऑइल फिल्टरवाल्यांपासून सावध राहा

आधी आकडा सांगतो, 1,17,700 रुपये. एवढे गेले माझे, एका ऑइल फिल्टरपायी, म्हणजे इंजिनचं तेल गाळणाऱ्या डब्यापायी. हे लिहायला लाज वाटते, 16 वर्षं स्वतः बोटीवर जातोय, इंजिनचं बरंचसं काम मला स्वतःला येतं, आणि तरी फसलो. गप्पच बसणार होतो पण परवा आमच्या जेटीवर अजून तीन बोटींच्या इंजिनावर तोच पांढरा डबा दिसला, म्हणून लिहितोय.

डुप्लिकेट पार्टचा धंदा कसा चालतो ते सगळ्यांना माहितीये, बॉक्स हुबेहूब, होलोग्राम चमकणारा, आतला माल रद्दी. मलाही माहिती होतं. पण ज्या दुकानातून मी 9 वर्षं बेल्ट, इंपेलर, ग्रीस, नोजल सगळं घेतलं तिथेच असं होईल हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, केस चालू आहे.

झालं असं की जुलैच्या शेवटी इंजिनचं काम काढलं होतं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, बोट वर ओढलेली, ऑगस्टला पाण्यात घालायची. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, कंपनी ऑइल बदलायला 250 तास सांगते, मी 200 ला बदलतो, म्हणजे मे महिन्यापर्यंत 10 फिल्टर लागतातच. कंपनीच्या डीलरकडे एक फिल्टर 1,140 रुपये, पण त्याच्याकडे दोनच शिल्लक, बाकीचे "पंधरा दिवसांनी येतील". पंधरा दिवस कोण थांबणार, खलाशांना उचल देऊन ठेवलेली, बर्फाचं बोलून ठेवलेलं, शेजारच्या बोटी रंगून तयार. त्या दोनातला एक तरी घ्यायचा होता, पण म्हटलं सगळे एकाच ठिकाणी घेऊ आणि नेहमीच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "शेठ, सेम कंपनीचा माल आहे, एक्स्पोर्टचं पॅकिंग आहे, स्पेशल मरीन, तुमच्यासाठी 690." 10 घेतले, 6,900 रुपये. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी वर लागेल, आणि एस्टिमेट लिहिलेली पिवळी चिठ्ठी दिली. पैसे क्यूआर स्कॅन करून दिले, नाव दुकानाचं नव्हतं, त्याच्या मुलाचं होतं. मी बघितलं होतं ते नाव. बघितलं आणि पैसे सोडले.

आता ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त चीड येते ती. जुना फिल्टर काढला, खाली ठेवायच्या आधी नवा उजव्या हातात घेतला, जुना डाव्या हातात. जुन्यात थोडं तेल होतंच, पण तो फरक तेलाचा नव्हता. नवा हलका होता. हाताला कळलं. मी दोन सेकंद थांबलो पण, आणि मग स्वतःच स्वतःला सांगितलं की नवीन मॉडेल असेल, हल्ली सगळंच हलकं करतात. आटे बरोबर बसले, रबर रिंगला तेल लावलं, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळला, इंजिन सुरू केलं, कुठे गळती नाही. झालं. जेटीवर पन्नास पावलांवर मासळीचा वजनकाटा आहे, तिथे दोन्ही ठेवून बघितले असते तर तिथेच कळलं असतं. नंतर बघितलं मी. कंपनीचा कोरा फिल्टर 780 ग्रॅम, हा 540. मासळी दहा-वीस ग्रॅमवरून भांडून तोलून देणारी माणसं आम्ही, आणि फिल्टर न तोलता लावला.

इशारा मिळाल्याची दुसरी वेळ. पाण्यात जाऊन चारपाच दिवस झाले असतील, पहाटे इंजिन मारलं आणि ड्रायव्हर म्हणाला, "नाखवा, काटा आज उशिरा उठला." ऑइल प्रेशरचा काटा. आधी इंजिन लागलं की लगेच वर जायचा, आता सहासात सेकंद खालीच. मी त्याला म्हणालो मीटर जुना झालाय. मीटर खरंच जुना आहे, मुद्दाम दुर्लक्ष केलं असं नाही, पण तो उशीर म्हणजेच सगळं होतं. फिल्टरमध्ये तोंडाशी एक रबरी पडदा असतो, इंजिन बंद झालं की तेल मागे उतरू देत नाही. माझ्या इंजिनावर फिल्टर आडवा बसतो, पडदा बाद असला की रात्रभरात डबा रिकामा होतो, आणि सकाळी तो डबा भरून पुढे तेल जाईपर्यंत बेअरिंग कोरडी घासतात. रोज. प्रत्येक स्टार्टला. उभा, तोंड वर करून बसणारा फिल्टर असेल त्यांना हे एवढं जाणवणार नाही, पण आडवा किंवा उलटा असेल त्यांनी काट्याकडे बघाच.

नारळी पौर्णिमा झाली, पहिली मोठी ट्रिप, बर्फ, डिझेल, बाजारहाट सगळं भरून निघालो. फिल्टर लावून 112 तास झाले होते. बंदरापासून अडीच तासांवर, जाळं पाण्यात, प्रेशर चार किलोवरून दोनवर आलं आणि मी केबिनमधून खाली उतरेपर्यंत बझर वाजायला लागला. बंद करायला हात घातला तोवर खालून ठोके सुरू झालेले. ज्याने बेअरिंग गेल्याचा आवाज एकदा ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. जाळं हाताने ओढलं, सहा माणसं, दोन तास. वायरलेसवर आमच्याच गावातली बोट मिळाली, तिने ओढत आणलं, तिची ट्रिप गेली तरी त्यांनी फक्त डिझेलचे 5,500 घेतले. असेही लोक आहेत.

हिशेब असा : क्रँक ग्राइंडिंग 9,500, मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग 14,800, दोन सिलिंडरचे लायनर पिस्टन 21,600, ऑइल पंप 7,400, ऑइल 5,600, मिस्त्रीची मजुरी 22,000, ओढून आणल्याचे 5,500 आणि बुडालेली ट्रिप 31,300. शिवाय मध्ये गणपती आले, मिस्त्रीची माणसं गावाला गेली, 23 दिवस बोट जेटीला बांधून. ऐन सुरुवातीचे 23 दिवस. त्यात काय मिळालं असतं ते मी यात धरलेलंच नाही.

इंजिन खोलल्यावर मिस्त्रीने पहिल्यांदा फिल्टर कापायला घेतला. (हॅकसॉने कापू नका, लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग तो बेअरिंगचा की ब्लेडचा ते कळत नाही. ग्राइंडरनेही तेच होतं. वरची कड फिल्टर कापायच्या कटरने उडवा.) शेजारी डीलरकडून आणलेला कंपनीचा कापून ठेवला. कंपनीच्यात कागदाच्या 58 घड्या, सगळ्या सारख्या, वर खाली पत्र्याच्या टोप्या. माझ्यातल्यात 31 घड्या, कुठे जवळ कुठे लांब, टोप्या पुठ्ठ्याच्या, तेलाने फुगलेल्या. घड्यांचा जोड नुसत्या गोंदाचा, तो सुटलेला, आतली जाळीची नळी बोटाने दाबली तर चेपत होती. कागद आत ओढला जाऊन नळीची भोकं बुजलेली. रबरी पडदा वाकवला तर वाकेना, प्लॅस्टिकसारखा कडक. आणि बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे फिल्टर चोंदला तर निदान न गाळलेलं तरी तेल पुढे जाऊ दे म्हणून जी स्प्रिंगवाली चकती असते, ती नव्हतीच. तिथे पत्र्यात नुसता गोल ठसा मारलेला, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की आहे. हा ठसा बघून मी खाली बसलो. चुकून खराब झालेला माल नव्हता तो, कोणीतरी डोकं लावून फसवायलाच बनवला होता. काही इंजिनांत बायपास फिल्टरच्या हेडमध्ये असतो, काहींत फिल्टरमध्येच, तुमच्यात कुठे आहे ते पार्टच्या पुस्तकात बघून ठेवा, आणि "आटे बसतात ना मग चालतो" असं सांगणाऱ्याला उभं करू नका. एकाच आट्याचे कितीतरी फिल्टर असतात, आतलं प्रत्येकाचं वेगळं.

अजून एक लाजेची गोष्ट लिहूनच टाकतो. दहातले दोन मी चुलतभावाला दिले होते, घेतल्या किमतीत, "चांगला माल आहे" म्हणून. फिल्टर कापला त्याच रात्री त्याच्या बोटीवर जाऊन स्वतः उतरवला. त्याचं इंजिन वाचलं. तो काही बोलला नाही.

दुकानदार आधी म्हणाला बघतो. मग म्हणाला तुमचं इंजिन जुनं. मग ऑइल हलकं घातलं असेल. 15डब्ल्यू-40 जाडीच्या ऑइलची सीलबंद बादली होती, रिकामी अजून माझ्याकडे आहे. शेवटी म्हणाला, आमच्याकडूनच घेतला याला पुरावा काय? पिवळ्या चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर ना शिक्का, पैसे मुलाच्या खात्यावर, "ते उसने घेतले असतील". तेव्हा कळलं की पक्कं बिल का देत नव्हता.

पोलीस स्टेशनला गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा". तिसऱ्या दिवशी कापलेले दोन्ही फिल्टर पिशवीतून नेले, टेबलावर ठेवले, तर तेल सांडतंय म्हणून आधी ओरडा खाल्ला. मग सांगितलं की बनावट ट्रेडमार्कची तक्रार कंपनीने करायची. म्हटलं गुन्हा तर आहे ना, 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा लिहिलीये, तर म्हणे जप्तीला डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत आधी घ्यावं लागतं. कायद्यात तसं आहे हे वकिलांनीही सांगितलं, पण मग अर्ज तरी घ्या ना, वर पाठवा ना, पोच तरी द्या! पोच मिळायला अजून दोन खेपा. कंपनीला मेल केला, बॅच नंबर मागितला, फोटो मागितले, परत तेच फोटो मागितले, 19 दिवसांनी उत्तर आलं की हे आमचं उत्पादन नाही त्यामुळे वॉरंटी लागू नाही. अहो तेच तर सांगतोय मी, तुमचं नाही आणि तुमच्या नावाने विकलं जातंय, तुम्ही तक्रार करा म्हणजे पोलीस हलतील. त्यावर आजपर्यंत उत्तर नाही. मत्स्य खात्याच्या ऑफिसात गेलो तर डिझेल परताव्याचं काही असेल तर सांगा, इंजिनच्या पार्टचा विषय आमच्याकडे येत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, दहा दिवसांत "निकाली" असा मेसेज आला, काय निकाली निघालं देव जाणे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुकान सकाळी नऊला रोज उघडतंय, तोच माल काउंटरवर मांडलाय.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. समोरच्याचा वकील म्हणतो बोट हा धंदा आहे, हे ग्राहकच नाहीत. आमच्या वकिलांनी दाखवलं की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात व्यापारी कामासाठी धरत नाहीत. मी स्वतः तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, आहे, लायसन्स दिलंय. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ज्यांचं असं काही झालंय त्यांनी थांबू नका.

बाकी, घाऊक दहा घेण्याआधी एक घ्या आणि कापा, हजार रुपये गेले तरी चालतील. पक्कं बिल दुकानाच्या नावाचं आणि पैसे त्याच नावावर, नाहीतर उठून या. "मरीन" हा शब्द स्टिकरवर कोणीही छापतो, माझ्या डब्याचा रंग खाऱ्या हवेत दहा दिवसांत फुगला होता, तेही मी बघितलं आणि पुसून टाकलं. लावायच्या आधी आतला रबरी पडदा बोटाने दाबून बघा, मऊ हवा. जुना फिल्टर फेकू नका, पुढची ट्रिप होईपर्यंत ठेवा.

सात कोरे फिल्टर माझ्याकडे गोणीत बांधून, वर पंचांच्या सह्या घेऊन ठेवलेत. पांढरा डबा, निळी पट्टी, "मरीन" मधल्या वेलांटीची शेपटी पट्टीच्या बाहेर गेलेली, बुडाला बॅच नंबर ठोकलेला नाही तर नुसता छापलेला, नखाने खरवडला की निघतो. तुमच्या इंजिनावर असा असेल तर उद्या बोट बाहेर काढायच्या आधी उतरवा.