मोका पॉटच्या नादात ११,५९६ रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

आकडा आधी सांगते, ११,५९६ रुपये. त्यातले २,८९९ कॉफीच्या भांड्याचे आणि ८,६९७ ते भांडं परत करायच्या खटपटीत गेलेले. बँक-पोलीस वगैरे सोडले तर दोन महिने हे घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, माहेरी अजून माहीत नाही. पण परवा शेजारच्या वहिनी मोबाइल पुढे करून "हे घेऊ का ओ?" म्हणाल्या. बघते तर तीच जाहिरात, तोच फोटो, फक्त दुकानाचं नाव बदललेलं. मग म्हटलं, लाज गेली खड्ड्यात, लिहायचंच.

आमच्या घरात कॉफी आली ती सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर विजापूरकडचं, त्यामुळे पितळी फिल्टर घरात होताच. पण सकाळी सातची शाळा गाठायची तर डिकॉक्शन थेंब थेंब गळेपर्यंत थांबता येत नाही. मग मुलानं पुण्याहून मोका पॉट आणला. खाली पाणी, मध्ये जाळीत पूड, पाणी उकळलं की वाफेच्या दाबानं वर कॉफी, पाच-सहा मिनिटांत काम. ॲल्युमिनियमचा, ३ कपांचा. (त्यांचे ३ कप म्हणजे आपले ३ मग नव्हेत. सगळी मिळून १३० मिलीच्या आसपास कडक कॉफी निघते. दूध घालून दोघांना पुरते.) सहा वर्षं रोज वापरला. सोलापूरचं पाणी जड, त्यात चार-पाच दिवसांनी येणारं, साठवलेलं. आतून पांढरा थर धरला, रबरी रिंग कडक झाली, जोडातून वाफ फुसफुसायला लागली. त्यातच आम्ही इंडक्शन शेगडी घेतली, तिच्यावर ॲल्युमिनियम चालत नाही. म्हणून यंदा ठरवलं, स्टीलचाच घ्यायचा, एकदाच घ्यायचा, दहा वर्षं बघायला नको.

मी न बघता उडी मारली असं कुणी म्हणू नका. तीन आठवडे वाचत होते. अल्फोन्सो बिआलेत्ती यांच्या कारखान्यानं १९३३ साली इटलीत हे भांडं काढलं, त्याचा मूळचा अष्टकोनी प्रकार ॲल्युमिनियमचा, हे मला पाठ होतं. इंडक्शनसाठी त्यांचा वेगळा प्रकार येतो, खालचा भाग स्टीलचा आणि वरचा ॲल्युमिनियमचा, हेही माहीत होतं. आणि जाहिरातीत काय होतं? अष्टकोनी, "मूळ १९३३ डिझाइन", "शंभर टक्के स्टील", "इंडक्शनवर चालेल". वर तो मिशीवाला माणूस, बोट वर केलेला. ७,९९९ खोडून २,८९९. गोदाम रिकामं करतोय, शेवटचे १४ नग.

मूळचा अष्टकोनी ॲल्युमिनियमचा हे माहीत असून मी ते "शंभर टक्के स्टील" वाचून पुढे गेले. किंमत बघितली आणि बाकीचं डोळ्यांपुढून निघून गेलं.

ऑर्डर पक्की करायला ९९ रुपये आधी मागितले, उरलेले २,८०० माल हातात आल्यावर. मला वाटलं, घरपोच पैसे द्यायचे म्हणजे धोका नाही. हा गैरसमज आधी काढून टाका. खोकं उघडण्याआधी पैसे द्यावे लागत असतील तर तो आगाऊ भरणाच झाला. उघडून बघायची सोय नसेल तर घेऊ नका.

सात दिवसांनी दुपारी दोनच्या उन्हात पोरगा खोकं घेऊन आला. हा क्षण मी रोज आठवते. त्यानं खोकं माझ्या हातात दिलं आणि माझा हात वर गेला, इतकं ते हलकं. सहा वर्षं रोज सकाळी मोका पॉट हातात धरलेली बाई मी. ॲल्युमिनियमचा जुना पॉटसुद्धा त्याच्यापेक्षा जड होता, आणि हे म्हणे ६ कपांचं स्टील. मनात स्पष्ट आलं की हे स्टील नाही. म्हटलं, "उघडून बघू का?" तो म्हणाला, "ओ मॅडम, आधी पैसे, आम्हाला फोडू द्यायची परवानगी नाही की." घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, गाडी चालूच होती. मला त्याला उन्हात ताटकळत ठेवणं बरं वाटेना. पाचशेच्या पाच नोटा, शंभराच्या तीन, मोजून दिल्या. नको म्हणून परत पाठवायला दोन शब्द लागले असते. ते मी बोलले नाही.

आत पातळ ॲल्युमिनियमवर चकचकीत मुलामा. फ्रिजवरचा लोहचुंबक बुडाला लावला, घसरून खाली पडला. (चांगल्या स्टीलच्या अंगाला चुंबक नाही चिकटला तरी चालतं, पण इंडक्शनवर ठेवायचं तर बुडाला चिकटलाच पाहिजे.) शेगडीवर ठेवलं, नुसती टीं टीं. जोडाचे आटे इतके कच्चे की दोन वेळा फिरवल्यावर चुरा बोटाला लागला.

आणि खरी भीती वाटली ती पुढे. खालच्या भांड्याला बाजूला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. जाळी चोंदली, दाब वाढला, तर वाफ तिथून बाहेर पडते. कुकरच्या शिट्टीशेजारी असतो ना, त्याच कामाचा. या भांड्याला तिथे नुसता सोनेरी रंगाचा उंचवटा होता. आतून बघितलं तर भोकच नाही. सुई घालून बघितली, भिंत सलग. असलं भांडं कुणी गॅसवर ठेवून आंघोळीला गेलं तर काय होईल? पैशापेक्षा मला याचा संताप आहे आणि हेच कुणी ऐकून घेत नाही.

आता दुसरा भाग, जो सांगताना अजून हात थरथरतो. खोक्यावर छापलेल्या नंबरवर तक्रार केली. इंटरनेटवर शोधलेला भलताच नंबर नव्हता तो, त्यांच्याच खोक्यावरचा होता. दहा मिनिटांत फोन आला. शुद्ध मराठी, "ताई" म्हणून बोलणं, माझा ऑर्डर नंबर, पत्ता, रक्कम सगळं त्याच्याकडे. माफी मागितली. व्हॉल्व्हचं सांगितलं तर म्हणाला, "बापरे, वापरू नका हं ताई." माझं ऐकून घेणारा पहिला माणूस तोच होता. म्हणून विश्वास बसला. रिफंडसाठी क्यूआर पाठवला, स्कॅन केला, २,८९९ दिसले, पिन टाकला. पैसे यायच्या ऐवजी गेले. तो म्हणाला, "उलटी एंट्री झाली, आता दोन्हीचे मिळून ५,७९८ करतो, परत एकदा स्कॅन करा." मी केलं.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. मी हे वर्गात मुलांना सांगितलेलं आहे. पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच, समोरचा काहीही सांगो.

हे झालं सव्वापाचला. घाबरून बँकेत फोन केला, "वेळ संपली, उद्या या." त्या माणसानं एवढंच सांगायला हवं होतं की मॅडम, आत्ता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. लगेच तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, तास उलटले की ते चार खात्यांत फुटतात. बँकेत बसलेल्या माणसाला हे माहीत नसेल? दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी शाखेत. तिथल्या साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, की पिन तुम्हीच टाकला, जबाबदारी तुमची. त्याच परिपत्रकात कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं असं लिहिलंय. म्हणजे कळवण्याची वेळ महत्त्वाची, मग आदल्या संध्याकाळी माझा फोन नोंदवून का घेतला नाही? यावर उत्तर, "लेखी अर्ज द्या." दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते. पाऊण तास उभी राहिले. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय हलू नका.

१९३० वर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी सायबरचं बघणारे बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी म्हणाले, भांड्याचा व्यवहार वेगळा, पिनचा वेगळा, दोन अर्ज करा. तिसऱ्या दिवशी दोन अर्ज नेले तर म्हणाले, एकाच माणसानं फसवलंय ना, एकच अर्ज करा. झेरॉक्सलाच ८४ रुपये गेले. भांडं पिशवीतून नेलं होतं. व्हॉल्व्ह दाखवला, सुई घालून दाखवली, म्हटलं, हे फुटलं तर बाई भाजेल. समोरचे गृहस्थ म्हणाले, "अहो मॅडम, चहा प्यायचा की." आजूबाजूचे हसले. माझ्या वयाच्या बाईला, शाळेत शिकवणाऱ्या बाईला, त्या हसण्यानं जे झालं ते ११,५९६ रुपयांनी नाही झालं.

कुरिअरच्या ऑफिसात गेले तर, आम्ही फक्त पोहोचवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता विचारला तर गोपनीय. माझे २,८०० रोख यांच्याच माणसानं घेतले, ते यांच्याकडून कुणाकडे गेले याचा हिशोब यांच्याकडे नाही, असं कसं?

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि इथे वेबसाइटच गायब. म्हणून सांगते, घेण्याआधी तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क आणि कंपनीचा पत्ता साइटवर आहे का बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ते देणं बंधनकारक आहे. नसेल तर किंमत बघूही नका.

आता पॉट नवी पेठेतून घेतलाय. दुकानदारानं समोर उघडून दिला, बुडाला चुंबक लावून दाखवला, व्हॉल्व्हची मधली कांडी हलवून दाखवली, दोन जादा रिंगा दिल्या. ३,४५० रुपये, पक्कं बिल. घेताना रिंग आणि जाळी सुटी मिळते का तेवढं विचारा. ती मिळाली नाही तर कितीही भारी स्टील असू दे, दोन-तीन वर्षांत भांडं माळ्यावर जातं. पाणी व्हॉल्व्हच्या खालीच ठेवा आणि आपल्याकडचं जड पाणी गाळून उकळून वापरा.

गेल्या मंगळवारी ठाण्यातून फोन आला. माझ्या पैशांपैकी ३,११२ रुपये कुठल्यातरी खात्यात अडवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश हवा, असं तिथून सांगितलं. वकिलांना विचारलं, ते दोन हजार म्हणाले. अर्ज करायचं मी ठरवलंय. आणि ठाण्यातले मूळ खोकं पुरावा म्हणून आणा म्हणाले, ते मी टाकलेलं नाही, भांड्यासकट कपाटात आहे. सोमवारी घेऊन जाते.