हातकागदाला खळ देऊन इंकजेट छपाई: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या जागेत मी मानपत्रे, बारशाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे अशी थोड्या प्रतींची कामे इंकजेट प्रिंटरवर करते. शंभराच्या आतल्या प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही आणि ज्यांना हातकागदाचा पोत हवा असतो त्यांना लेझरच्या टोनरची चकाकी रुचत नाही. त्यामुळे २२० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम भरणारा, सुती हातकागद आणि पाण्यासारखी पातळ शाई यांचे जमवून देणे हाच माझ्या कामाचा गाभा झाला आहे. गेल्या जूनपासून जानेवारीअखेरपर्यंत मी हा कागद छपाईपूर्वी स्टार्चची खळ देऊन वापरला. या काळात ए-फोर आकाराची सुमारे ९०० पाने हाताखालून गेली. त्यातून जे पटले आणि जे पटले नाही, ते इथे मांडत आहे.

अडचण नेमकी कुठे होती, ते आधी सांगते. कोऱ्या हातकागदावर १० पॉइंटात छापलेला मजकूर हातभर अंतरावरून ठीक दिसतो. पण भिंग लावले की प्रत्येक रेघेच्या कडेला, तंतूंच्या दिशेने, केसासारखे बारीक फाटे फुटलेले दिसतात. रोमन अक्षरे हे बऱ्यापैकी निभावून नेतात. देवनागरीत तसे होत नाही, कारण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या एका फटीवर उभा आहे, आणि या आकारात ती फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते. शाई जराशी पसरली की फट बुजते. मे महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या मानपत्रावर ‘साधना’ हे नाव ‘साघना’ असे दिसू लागले आणि ती पंचवीस पाने मी पुन्हा छापून दिली. खळीचा विचार तिथून सुरू झाला.

इंकजेटच्या शाईत बहुतांश पाणी असते आणि तिचा एकेक थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा असतो. सुती तंतूंमधल्या पोकळ्या हे पाणी दिव्याच्या वातीसारखे ओढून घेतात. पाण्याबरोबर रंग आडवाही पसरतो आणि खोलही जातो. म्हणून अक्षराच्या कडा फुटतात आणि काळा रंग राखाडी दिसतो. स्टार्चचा पातळ थर या पोकळ्या बऱ्याच अंशी बुजवतो, पाण्याचा वेग कमी करतो आणि रंगाला वरच राहण्यास भाग पाडतो. कागद गिरण्यांत हेच काम यंत्रावर होते. आपण फोटोकॉपीला वापरतो त्या साध्या कागदावरही पृष्ठभागाला स्टार्च दिलेला असतो. आपल्याकडे ही रीत नवी नाहीच. जुन्नर आणि दौलताबाद इथला हातकागद खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटून मगच बोरूखाली येत असे. मोडीतल्या जुन्या दफ्तरांत शाई न फुटता इतकी रेखीव राहिली, त्यात या खळीचा आणि घोटाईचा मोठा वाटा आहे.

पहिले दोन महिने मी स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लोअर, म्हणजेच मक्याचे साधे स्टार्च वापरले. मक्याच्या स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुगून फुटतात. पण तेवढ्यावर थांबले तर मिश्रणात कच्चे कण राहतात आणि छापलेल्या पानावर ते पांढऱ्या टिपक्यांसारखे दिसतात. म्हणून एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम स्टार्च आधी थंडच कालवून, मग ९० अंशांच्या पुढे नेऊन वीस मिनिटे सतत ढवळत शिजवावे लागते. खरी पंचाईत त्यानंतर होते. मक्याच्या स्टार्चमधला सुमारे चौथा हिस्सा अमायलोजचा असतो. निवताना त्याच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात, मिश्रण खिरीसारखे दाटते आणि वर सायीसारखा पापुद्रा धरते. या दाट खळीचे फटकारे कागदावर जसेच्या तसे राहिले आणि छपाईत काळ्या पट्ट्यांच्या आत उमटले. गिरण्या स्टार्चच्या साखळ्या रसायनांनी किंवा विकरांनी तोडून ते पातळ करून घेतात, ते यासाठीच. घरी तेवढे साधत नाही. मी खळ पातेल्यासकट गरम पाण्यात ठेवून, ६० अंशांच्या खाली जाऊ न देता, मलमलच्या फडक्यातून गाळून लावू लागले, तेव्हा कुठे थर एकसारखा बसला.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त बाइंडर काका राहतात. त्यांनी माझे पहिले पान उजेडाकडे तिरपे धरून पाहिले आणि म्हणाले, “अगं, खळ हाताला लागायला हवी, डोळ्याला दिसायला नको.” हे वाक्य मला कोणत्याही आकड्यापेक्षा उपयोगी पडले. तरी आकडा सांगते: चार टक्क्यांच्या खळीचे सुमारे तीन मिलिलिटर एका ए-फोर पानाच्या एका बाजूला पुरते, म्हणजे चौरस मीटरला साधारण दोन ग्रॅम कोरडा थर बसतो. हा थर मी सुरुवातीला पाने वजन करून मोजत होते आणि दर वेळी उत्तर वेगळे येत होते. दहा पानांवर मिळून जेमतेम सव्वा ग्रॅम स्टार्च चढतो, तर जुलैच्या हवेत तीच दहा पाने नुसता दमट वारा पिऊन त्याहून जास्त जड होतात! तेव्हापासून मी पाने न मोजता पातेल्यातून किती खळ संपली, ते मोजते.

सप्टेंबरमध्ये कागद गिरण्यांना माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून दोन किलो कॅटायनिक स्टार्च मिळाले आणि माझ्या मते या सगळ्या प्रयोगाला खरी किंमत तिथे आली. या स्टार्चच्या रेणूंवर धनभार बसवलेला असतो. इंकजेटच्या रंगीत शाईतले विरघळणारे रंग बहुधा ऋणभारित असतात, त्यामुळे रंग थराशी बांधला जातो आणि पाण्याबरोबर वाहून जात नाही. हे मी स्वतः असे पाहिले: एकाच कागदाचे तीन तुकडे, एक कोरा, एक साध्या कॉर्नफ्लोअरचा, एक कॅटायनिकचा. तिन्हींवर कुंकवाच्या रंगाची एकच वेलबुट्टी छापली, एक दिवस वाळू दिली आणि ड्रॉपरने प्रत्येकी एक थेंब पाणी सोडले. कोऱ्या तुकड्यावर गुलाबी वर्तुळ पसरत रुपयाएवढे झाले. कॉर्नफ्लोअरच्या तुकड्यावर वर्तुळ लहान राहिले, पण थर भिजून चिकट झाला आणि टिपकागद लावताच रंग त्याला लागून निघाला. कॅटायनिकच्या तुकड्यावर थेंबाच्या कडेला फिकट रेघ आली; वेल मात्र जागेवर राहिली आणि तिची पाने मोजता येत होती. फटींचे म्हणाल, तर ९ पॉइंटातला ‘ध’ दोन्ही खळींवर स्वच्छ उघडा राहतो. कोऱ्या कागदावर मी आता १४ पॉइंटाच्या खाली उतरत नाही.

काळ्या रंगाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे, कारण माझ्या प्रिंटरची काळी शाई रंगद्रव्याची आहे, म्हणजे तिच्यात न विरघळलेले सूक्ष्म कण तरंगत असतात. खळीत अर्धा टक्का कॅल्शियम क्लोराइड घातले की हे कण कागदावर पडताक्षणी एकत्र येऊन थिजतात आणि काळा रंग लक्षात येण्याइतका गडद होतो. पण हे मीठ हवेतले पाणी ओढून घेते. ऑगस्टमध्ये असा थर दिलेली पाने एकावर एक ठेवली, तर सकाळी ती सोलून काढावी लागली. मुंबईत हा उपाय दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतच करावा, असे मी ठरवले आहे. तुरटीही वापरून पाहिली; शाई पक्की होते, पण तुरटीने कागद आम्लधर्मी होतो आणि आम्ल कागदाला कालांतराने ठिसूळ करते. मानपत्र लोक भिंतीवर वर्षानुवर्षे ठेवतात, म्हणून तुरटी मी सोडून दिली.

छायाचित्रांसाठी मात्र स्टार्च वापरू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. छायाचित्राच्या कागदावर सिलिकाचा सच्छिद्र थर असतो, जो भरपूर शाई क्षणात आत घेऊन जागच्या जागी धरतो. स्टार्च याच्या उलट वागते: ते छिद्रे बुजवते आणि शाईला थोपवून धरते. अक्षरे, रेघा, नक्षी यांना तेवढे पुरते, कारण तिथे शाई थोडी असते. गडद पार्श्वभूमी किंवा चेहऱ्याची सावली छापायला गेले की शाई वर साचते, तिची थारोळी होतात, वाळल्यावर तो भाग चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो. थर जाड करून हे सुटत नाही, उलट वाढते.

पावसाळ्याने या पद्धतीची सर्वांत कडक परीक्षा घेतली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गॅलरीतल्या दोरीवर पाने वाळेनाशी झाली. एकाच बाजूला खळ दिलेले पान वाळताना पन्हळीसारखे वळते, म्हणून मागच्या बाजूला नुसत्या पाण्याचा हात फिरवून, टिपकागदांत घालून, वर फरशीचा तुकडा ठेवून ती दोन दिवस दाबावी लागली. शिजवलेली खळ ऑक्टोबरच्या उकाड्यात रातोरात आंबली. आता लागेल तेवढीच करते. सर्वांत जास्त नुकसान कसरीने केले. माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या चाळीस पानांच्या खळीच्या बाजूवर ऑगस्टअखेर नकाशासारखे डाग दिसले. कसरीने थर खरवडून खाल्ला होता आणि जिथे मजकूर छापलेला होता तिथे अक्षरेही त्याबरोबर गेली होती. कोरी बाजू जवळपास शाबूत होती. काका म्हणाले, “खळीत चिमूटभर मोरचूद घाल, आम्ही जन्मभर घातले.” पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड ते चालून जाते, पण मोरचूद विषारी आहे, तांब्यामुळे कागदाचा तंतू लवकर कुजतो आणि माझ्या पत्रिका घरोघरी लहान मुलांच्या हातात जातात. म्हणून मी मोरचूद घातले नाही. झाकणाचे घट्ट डबे आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर सप्टेंबरनंतर एकही पान गेलेले नाही. ग्राहकाला पत्रिका देतानाही आता कागदी पाकिटाऐवजी बंद पिशवीत देते आणि काचेची चौकट लवकर करून घ्या, असे सांगते.

प्रिंटरच्या दृष्टीने एक फायदा अनपेक्षित होता. कोऱ्या हातकागदाचे सुटे तंतू रुळांवर आणि शाईच्या तोंडाशी जमून दर पंधरवड्याला सफाई करावी लागत असे. खळीने ते तंतू बसतात. गेल्या पाच महिन्यांत सफाई दोनदाच केली. मात्र पान घोटले नाही, तर वाळलेल्या थराची भुकटी निघते. गुळगुळीत गोट्याने पानाला दोन मिनिटे देणे मी टाळत नाही. जाड पान वाकू नये म्हणून ते मागच्या तबकातून, एक एक करून सोडते.

खर्च म्हणावा तर स्टार्चचा नगण्यच आहे. एका पानाला सव्वा दशांश ग्रॅम धरला, तर एका किलोत आठ हजार पाने होतील. खर्च होतो तो वेळेचा. वीस पाने शिजवण्यापासून घोटण्यापर्यंत माझी एक सकाळ जाते आणि वाळवण्याचे दोन दिवस वेगळे. पन्नासपेक्षा जास्त प्रतींचे काम असेल, तर मी ग्राहकाला तयार लेप दिलेला कागदच सुचवते. त्याहून कमी प्रतींच्या आणि मजकूरप्रधान कामासाठी मात्र कॅटायनिक स्टार्चची तीन टक्क्यांची पातळ खळ मी कायम ठेवणार आहे. चार टक्क्यांना ते मला ब्रशखाली जड वाटले. जूनच्या पत्रिकांसाठी लागणारी दोनशे पाने एप्रिलच्या कोरड्या हवेतच खळ देऊन, घोटून डब्यात भरायची आहेत. त्यांतली पहिली पंचवीस त्याच शिक्षिकेच्या घरच्या मुंजीची आहेत, आणि आमंत्रण देणाऱ्यांत पहिले नाव साधनाताईंचे आहे.