सोडियम-पोटॅशियमसाठी चिपचं कार्ट्रिज की टेबलावरचं मशीन?

घोडबंदर रोड असो की खारघर, वीस खाटांच्या नर्सिंग होमला पोटॅशियम हवं असतं रात्री दीडला आणि बाहेरची लॅब उघडते सकाळी. मग वाटा दोन: सिलिकॉन चिपच्या कार्ट्रिजवर चालणारा हातातला अनालायझर (ॲबटचा आय-स्टॅट हे त्यातलं रुळलेलं नाव), नाहीतर टेबलावरचं आयएसई (आयन ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडचं) इलेक्ट्रोलाइट मशीन. कोटेशन नंतर बघा, आधी रोजची सॅम्पल मोजा.

आयएसई मशीन चोवीस तास चालू ठेवावं लागतं. ठरावीक तासांनी ते आपोआप कॅलिब्रेशन करतं, म्हणजे ठाऊक असलेल्या द्रावावर आपलं माप जुळवून घेतं, आणि रीएजंट पॅक त्यातच संपत जातो, पेशंट येवो न येवो. दिवसाला दोन-तीनच सॅम्पल असतील तर पैसा कॅलिब्रेशनवरच जातो. पंधरा-वीस असतील तर मात्र दर टेस्टच्या खर्चात कार्ट्रिज त्याच्यापुढे टिकत नाही. रोजची सफाई चुकवली की इलेक्ट्रोडवर प्रथिनांचा थर बसून रीडिंग सरकतं. बारीक गुठळी आली की प्रोब तुंबतो.

चिपला हा त्रास नाही, कारण ती एकदा वापरून टाकूनच द्यायची. कार्ट्रिजमध्ये कॅलिब्रेशनच्या द्रावाची इवलीशी पिशवी असते. मशीन ती फोडून आधी सेन्सर तपासतं, मग रक्त पुढे ढकलतं. आय-स्टॅटच्या केम८+ कार्ट्रिजला ९५ मायक्रोलिटर रक्त लागतं. सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज, क्रिएटिनिन दोनेक मिनिटांत मिळतं. उचलताना लेबलच्या मधोमध अंगठा दाबला तर ती पिशवी आधीच फुटते आणि कार्ट्रिज वाया जातं. नव्या स्टाफला पहिल्याच दिवशी हे शिकवा.

खरी अडचण तापमानाची. कार्ट्रिज २ ते ८ अंशांत ठेवायची, वापरण्याआधी ५ मिनिटं बाहेर काढायची, आणि एकदा बाहेर आलेली परत फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. अनालायझर १६ ते ३० अंशांतच चालतो. मे महिन्यात ठाण्यातल्या बिनएसीच्या कॅज्युअल्टीत तो टेस्टच घेणार नाही. एसी आणि फ्रिजला बॅकअप नसेल तर हा पर्याय सोडा.

दुसरी गोष्ट हिमोलिसिस, म्हणजे रक्तपेशी फुटून आतलं पोटॅशियम बाहेर येणं. आयएसईवर सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) लावलं तर त्याची लाली डोळ्यांना दिसते. कार्ट्रिजमध्ये सीरम वेगळं न काढता अख्खं रक्तच जातं, त्यामुळे फुटलेल्या पेशींमुळे चढलेलं पोटॅशियम खरंच वाटतं. पोटॅशियम ६.५ आलं आणि ईसीजी नॉर्मल असेल तर मूठ आवळायला न लावता, बारीक सुई टाळून पुन्हा रक्त घ्या. पण ईसीजी नॉर्मल म्हणून उपचार अडवू नका. ईडीटीएची जांभळी ट्यूब दोन्हीकडे बाद, तिच्यातच पोटॅशियम असतं. चिपचं हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) विद्युतवहनावरून काढलेलं असतं. भरपूर सलाईन दिलेल्या पेशंटमध्ये ते कमी दिसतं, रक्त चढवायचा निर्णय त्यावर घेऊ नका.

‘ट्रान्झिस्टरवाली चिप थेट रक्तातून प्रथिनं मोजते’ असं कोणी विकायला आलं तर खोदून विचारा. १९७० मध्ये संशोधक बर्गवेल्ड यांनी मांडलेला आयएसएफईटी (आयन ओळखणारा ट्रान्झिस्टर) पीएच छान मोजतो. पण रक्ताच्या खारटपणात अशा ट्रान्झिस्टरची नजर जेमतेम एक नॅनोमीटर पोचते आणि अँटिबॉडी त्याच्या दसपट मोठी असते. आय-स्टॅटची चिपही ट्रान्झिस्टर नाही, सिलिकॉनवर उठवलेले इलेक्ट्रोड आहेत.

दिवसाला पाचाच्या आत सॅम्पल आणि बहुतेक रात्रीची असतील तर कार्ट्रिज घ्या. बॉक्स २५चा येतो. केम८+ बाहेर १४ दिवसच टिकतं, म्हणून तेवढ्यात संपतील इतकीच काढा आणि प्रत्येक पाकिटावर नवी मुदत पेनाने लिहा.