दिवाळीचा अटाला (भंगार), ८०० रुपयांचा लोडिंगवाला आणि नगर निगमची पावती (रिव्ह्यू, इंदूर)

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा त्यांचं काम होईल. सामान उचलायला ५ पैकी ५, सामान कुठे नेलं त्याला शून्य. जुनं सामान नेणाऱ्या त्या लोडिंग रिक्षावाल्याचं नाव लिहीत नाही कारण गाडीवर एक नाव होतं, व्हॉट्सॲपवर दुसरं आणि फोनवर तिसरंच सांगितलं, तर खरं कोणतं ते मलाच माहीत नाही.

झालं असं की दिवाळीच्या आधी आम्ही वरचं बाथरूम फोडलं. राजेंद्र नगरातलं जुनं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं, टाइल्सच्या खाली अजून टाइल्स निघाल्या. अकरा कट्टे (पोती) मलबा, त्यावर पावसात गळून भिजलेल्या दोन कापसाच्या गाद्या, एक सोफा ज्याचा फोम उंदरांनी खाल्लेला आणि एक वॉश बेसिन. सकाळच्या कचऱ्याच्या पिवळ्या गाडीवाल्याला मी लाडीगोडी लावून पाहिली, म्हटलं भिया रोज एकेक कट्टा घेऊन जा ना. त्यानं हात जोडले. त्याचंही बरोबरच आहे म्हणा, त्या गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि ई-कचरा असे सहा खण, त्यात सिमेंट टाकणार कुठे? इथं तर मेथीच्या काड्यांत दुधाची पिशवी सापडली तरी तो परत हातात देतो. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटवर जातो, रोजचे ५५० टन घेणारा प्लांट आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्या गॅसवर सिटी बस चालतात. आमच्या आई म्हणतात माझ्या कोथिंबिरीच्या देठांवर बस चालते आणि मला बसचं तिकीट फुकट नाही.

तर मोठ्या सामानाचं काय हा प्रश्न राहिलाच. जुना सोफा म्हणजे अटालेवाला नेईल असं वाटलं होतं पण त्याला लाकूड आणि लोखंड पाहिजे, फोम तुम्हीच ठेवा म्हणतो. गाद्यांचं मी पिंजाऱ्याला विचारलं, कोरडा कापूस असता तर पिंजून दिला असता, सडलेल्याला तो हात लावेना. मग कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी नंबर टाकला, घरका पुराना सामान, मलबा, सब उठाते हैं, एक फोन पर. ८०० रुपये सांगितले. मी घासाघीस न करता हो म्हटलं तेव्हाच माझं चुकलं कारण अकरा कट्टे, दोन गाद्या, सोफा, दोन माणसांची मजुरी आणि लोडिंग रिक्षाचं डिझेल हे ८०० मध्ये बसतंच कसं हा हिशोब दुसरीतल्या मुलालाही जमला असता.

पण खरं सांगते, सर्व्हिस एक नंबर. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर, जिन्याच्या भिंतीला ओरखडा नाही, जाताना अंगण झाडून दिलं, आईंना नमस्कार केला. बेसिन तेवढं न्यायचं विसरले. मी विचारलं कुठे नेणार, तर "दीदी आप टेंशन मत लो". पावती मागितली तर हसला. आणि मी टेंशन घेतलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी निगमचे, म्हणजे महापालिकेचे, दरोगा (सफाईचे मुकादम) आणि त्यांच्यासोबत दोन मुलं दारात. मोबाइलवर फोटो. नाल्याकाठचा एक रिकामा प्लॉट, त्यात आमचे कट्टे, आमचा सोफा आणि सगळ्यांच्या वर आमची गादी, आईंच्या जुन्या जांभळ्या लुगड्याचं कव्हर असलेली. आईंनी चष्मा न लावता ओळखली आणि मोठ्यांदा म्हणाल्याही, "अगं बाई, ही तर आपलीच!" म्हणजे नाही म्हणायची सोयच राहिली नाही. तशी गरजही नव्हती, सोफ्याच्या खणात कुरिअरचं खोकं कोंबलेलं होतं आणि त्यावर माझं नाव, घर नंबर, पिनकोड, सगळं.

मी भांडले थोडी. म्हटलं आम्ही पैसे दिलेत, टाकलं त्यानं, त्याला पकडा. दरोगा शांतपणे म्हणाले, ताई पैसे तुम्ही त्याला दिले पण कचरा तुमच्या घरचा ना. घरी येऊन तेव्हा लागू असलेले २०१६ चे घनकचरा नियम काढून वाचले तेव्हा कळलं की रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात कचरा टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही ही बंदी थेट ज्याच्या घरी कचरा तयार होतो त्याच्यावर होती. बांधकामाचा मलबा तर वेगळा, आपल्याच आवारात साठवायचा आणि त्याच्यासाठीच्या वेगळ्या नियमांप्रमाणे द्यायचा असं स्पष्ट लिहिलं होतं. (त्यातच सापडलं की परवाना नसलेल्या जागी १०० च्या वर माणसं जमणार असतील तर निदान ३ कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करायची व्यवस्था ठेवायची. आमच्याकडे भाच्याची मुंज झाली तेव्हा तीनशे पानं उठली, कोणाच्या बापाला माहीत होतं!) दंड भरला. जेवढा भरला तेवढ्यात पाहुण्यांसकट सगळ्यांना छप्पन दुकानवर खायला नेलं असतं.

लोडिंगवाल्याला फोन लावला. पहिल्यांदा बिझी, मग बंद, मग दोन दिवसांनी उचलला आणि "दीदी राँग नंबर". दीदी म्हणून राँग नंबर!

आता माझं मत. दंड मला झाला ते ठीक, पण घराला दंड करणं सगळ्यात सोपं आहे, घर कुठे पळून जात नाही. पळते ती गाडी. त्या एका रिक्षानं त्या आठवड्यात आमच्यासारखी किती घरं रिकामी केली असतील कोण जाणे, आणि त्याच्यासाठी प्रत्येक फेरी म्हणजे निव्वळ फायदा, कारण योग्य जागी टाकायला पैसे लागतात आणि अंधारात नाल्याकाठी लागत नाहीत. अशी गाडी एकदा जप्त होऊन महिनाभर उभी राहिली ना की ८०० चा भाव आपोआप वाढेल. आणि रिकाम्या प्लॉटचं तर असं आहे की एक कट्टा पडला की दुसऱ्या दिवशी लोकांना वाटतं टाकायची जागाच आहे. आमचं सामान उचलल्यावर तिथं चुना मारून कोणीतरी रांगोळी काढली होती, मी मुद्दाम बघायला गेले, लाज वाटली. देवगुराडियाच्या देवळात जाताना कचऱ्याचा डोंगर दिसायचा ते आम्हाला चांगलं आठवतं, १३ लाख टनांच्या आसपासचा जुना ढीग २०१८ मध्ये उपसून जमीन मोकळी केली. शहर २०१७ पासून सलग सात वेळा देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात नंबर एक आलं आणि आपण गादी नाल्यावर फेकतो.

ह्यांचं म्हणणं पुढच्या वेळी कुरिअरची चिठ्ठी आधी फाडून टाकायची. अहो, तो धडा नाहीये!

बाथरूमचा उरलेला मलबा, म्हणजे अजून पाच कट्टे, मी निगमच्या झोन ऑफिसवर विचारून पैसे भरून पाठवला. पावती मिळाली, गाडीवर नंबर होता, माणसांनी कट्ट्यात लाकूड किंवा थर्माकोल आहे का ते उघडून पाहिलं, कारण मलब्यापासून पेव्हर ब्लॉक वगैरे करतात तिथं भेसळ चालत नाही. अंगण झाडलं नाही, नमस्कारही केला नाही, चार तारे. खाजगी माणूस बोलवायचाच असेल तर गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, कुठे नेणार ते मेसेजमध्ये लिहून घ्या आणि उतरवल्याचा फोटो आल्यावरच अर्धे पैसे द्या. जो चिडेल त्याला तिथूनच परत पाठवा. आणि निगमचं ३११ ॲप मोबाइलमध्ये ठेवा, कुठे असा ढीग दिसला तर फोटो टाकता येतो. माझ्या गादीचा फोटो कोणीतरी तसाच टाकला असणार, आमच्या गल्लीतल्याच एका काकूंवर संशय आहे पण विचारायची हिंमत नाही.

बेसिन अजून जिन्याखाली आहे. पांढरं, एका कोपऱ्यात टवका उडालाय, गोकर्णीचा वेल लावायला मस्त होईल. हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, फुकट आहे, फक्त न्यायला स्वतः या आणि नेऊन कुठे ठेवलं त्याचा फोटो पाठवा.